मेडिकल दुकानाचा परवाना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर, आणि अर्ज कुठे अडकतो

‘दुकान तयार आहे, फर्निचर झालंय, स्टॉकिस्टशी बोलणंही झालंय. आता फक्त लायसन काढायचं राहिलंय.’ असा फोन आला की मला काळजी वाटते. समोरच्याने आठ-दहा लाख रुपये आधीच अडकवलेले असतात. जागा टेपने मोजलेली नसते, फार्मासिस्टचं नाव अजून जुन्या दुकानातून निघालेलं नसतं आणि भाडेकरार साध्या स्टॅम्प पेपरवर केलेला असतो. मग अर्जात त्रुटी निघतात, भाडं चालू राहतं आणि शटर बंदच. यातली जवळजवळ प्रत्येक अडचण कामाचा क्रम चुकल्यामुळे येते. म्हणून हा लेख क्रमाविषयी आहे.

लेख महाराष्ट्रातल्या किरकोळ औषध विक्रीच्या दुकानापुरता आहे. मूळ कायदा केंद्राचा आहे: १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम. परवाना मात्र राज्य देतं. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाचं, म्हणजे आपण ज्याला एफडीए म्हणतो त्या खात्याचं. जिल्ह्याच्या पातळीवर सहायक आयुक्त (औषधे) हे परवाना अधिकारी आणि तपासणीला येतात ते औषध निरीक्षक. गोव्यात नियम हेच, खातं तिथलं.

## सुरुवातीला: तुम्हाला कोणते परवाने लागतात

लोक ‘मेडिकलचं लायसन’ असं एकवचनी म्हणतात. खरं तर नेहमीच्या दुकानाला दोन परवाने लागतात.

फॉर्म २० हा सर्वसाधारण औषधांच्या किरकोळ विक्रीचा. फॉर्म २१ हा शेड्यूल (म्हणजे नियमांना जोडलेली यादी) सी आणि सी वनमधल्या औषधांचा, म्हणजे लसी, इन्सुलिन, प्रतिजैविकांची इंजेक्शनं वगैरे. आजच्या काळात इन्सुलिन न ठेवता मेडिकल चालत नाही, त्यामुळे दोन्ही एकदमच काढायचे. अर्ज एकच, फॉर्म १९. फी प्रत्येक परवान्याला १,५०० रुपये, दोन्हींची मिळून ३,००० रुपये.

शेड्यूल एक्समधली औषधं ठेवायची असतील तर तिसरा परवाना लागतो, फॉर्म २०-एफ, आणि त्याचा अर्ज फॉर्म १९-सीमध्ये. केटामाइन, मिथाइलफेनिडेट ही या यादीतली नावं. जवळपास मानसोपचार किंवा मोठ्या शस्त्रक्रियांचं रुग्णालय नसेल तर पहिल्या वर्षी या परवान्याच्या मागे लागू नका. त्याच्या नोंदी कडक असतात आणि नवख्या दुकानाला त्या झेपत नाहीत.

घाऊक विक्रीचे परवाने (२०-बी, २१-बी) वेगळे. किरकोळ परवान्यावर दुसऱ्या दुकानदाराला माल विकता येत नाही. ‘शेजारच्या मेडिकलला दोन डबे दिले तर काय बिघडलं’ असं विचारणारे खूप भेटतात. तो घाऊक व्यवहार होतो आणि खरेदी-विक्रीची बिलं जुळवताना तो लगेच दिसतो.

## टप्पा १: फार्मासिस्ट पक्का करा

जागेच्याही आधी हे काम. कारण जागा महिन्याभरात मिळते, चांगला फार्मासिस्ट मिळत नाही.

१९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. औषध नियमांतला नियम ६५ तर ‘प्रत्यक्ष देखरेखीखाली’ असं म्हणतो. म्हणजे माणूस दुकानात हजर हवा, नुसती भिंतीवर फ्रेम नको.

तुम्ही स्वतः डी.फार्म. किंवा बी.फार्म. होऊन महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलमध्ये नोंदणी केलेली असेल तर सर्वांत सोपं. नसेल तर नेमणूक करावी लागेल. नेमणुकीआधी चार गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

पहिली, कौन्सिलची नोंदणी आणि तिच्या नूतनीकरणाची तारीख. दुसऱ्या राज्यात नोंदणी असेल तर ती आधी महाराष्ट्रात आणावी लागते आणि त्यात वेळ जातो.

दुसरी, नाव. हे वाटतं त्यापेक्षा जास्त अडवतं. एका अर्जात फार्मासिस्ट ताईंचं गुणपत्रिकेवर आणि कौन्सिलच्या प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव होतं, आधारवर सासरचं, आणि नेमणूकपत्रावर दुकानमालकाने दोन्ही जोडून लिहिलं होतं. तीन कागद, तीन नावं. विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडून सगळं सरळ होईपर्यंत पाच आठवडे गेले. सुरुवातीलाच पाहिलं असतं तर एका दुपारचं काम होतं.

तिसरी, आधीच्या दुकानातून मुक्तता. राजीनामा दिला म्हणजे नाव निघालं असं नाही. जुन्या परवानाधारकाने एफडीएकडे बदल कळवून नाव काढून घेतलेलं असावं लागतं. नाव तिकडेच राहिलं तर तुमचा अर्ज पुढे सरकत नाही. मुक्ततापत्राबरोबर ‘बदल कळवल्याची’ पोचही मागून घ्या.

चौथी, तो दिवसभर येणार आहे का. तुमचं दुकान सकाळी ९ ते रात्री १० चालणार असेल तर एका माणसावर ते चालत नाही. दोन पाळ्यांना दोन फार्मासिस्ट दाखवा, नाहीतर दुकानाच्या वेळा कमी ठेवा.

थांबा. ‘सर्टिफिकेट भाड्याने मिळेल, महिन्याला इतके’ असं सांगणारे प्रत्येक तालुक्यात आहेत. यात पडू नका. तपासणीच्या दिवशी फार्मासिस्ट नसेल आणि काउंटरवरून अल्प्राझोलमसारखी चिठ्ठीवरची गोळी गेलेली असेल तर परवाना निलंबित होऊ शकतो, आणि सर्टिफिकेट देणाऱ्याची कौन्सिलमधली नोंदणीही धोक्यात येते. कायद्यापलीकडचंही एक आहे. रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्या आजोबांना गुडघेदुखीची जोरदार गोळी देताना थांबून विचारणारा माणूस तिथे असायला हवा. काउंटरवरचा मुलगा कितीही चलाख असला तरी ते त्याचं काम नाही.

## टप्पा २: जागा, आणि ती मोजण्याची पद्धत

नियम ६४ प्रमाणे किरकोळ दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा लागते. किरकोळ आणि घाऊक दोन्ही एकाच जागेत करायचं असेल तर १५ चौरस मीटर. १० चौरस मीटर म्हणजे साधारण १०७.६ चौरस फूट.

इथे फसगत होते ती ‘गाळा १३० फुटांचा आहे’ या वाक्यामुळे. तो आकडा बहुतेक वेळा बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट मोजलेला असतो. निरीक्षक मोजतात आतली जागा. मी एकदा एका तरुणाबरोबर त्याचा गाळा मोजायला गेलो होतो. करारावर १२५ चौरस फूट. टेप लावली तर आतून लांबी ११ फूट, रुंदी साडेनऊ फूट. गुणाकार १०४.५ चौरस फूट, म्हणजे ९.७ चौरस मीटर. शिवाय एका कोपऱ्यात खांब पुढे आलेला. त्याने दोन वर्षांचं डिपॉझिट देऊन टाकलं होतं. शेवटी मागच्या बाजूची बोळकंडी मालकाकडून लिहून घेऊन भिंत सरकवावी लागली.

म्हणून टेप घेऊन स्वतः जा. प्लास्टर ते प्लास्टर मोजा. खांब वजा करा. पोटमाळा, जिना, संडास हिशेबात धरू नका. एवढं करून ११ चौरस मीटरच्या वर भरत असेल तरच पुढे बोला. काठावरच्या मापावर अर्ज करू नका, कारण आतून फॉल्स पॅनल बसवलं की माप आणखी घटतं.

बाकी पाहण्यासारखं: गाळ्याला स्वतंत्र शटर असावं आणि घरात किंवा दवाखान्यात उघडणारं दार नसावं. वापर व्यावसायिक असावा. सोसायटीत असेल तर सोसायटीचं ना-हरकत पत्र मागून ठेवा. गावात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा कुणाच्या नावावर आहे ते पाहा. तो वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल आणि करार नातू करून देत असेल तर वारसांची संमती लागेल. पश्चिमेकडे तोंड असलेल्या काचेच्या दुकानात दुपारी रॅकवरची सिरप तापतात, तेही ध्यानात ठेवा.

तपासा. भाडेकराराआधी तुमच्या हातात हे हवं: आतल्या मापाचा कागद, मालकी दाखवणारा कागद, चालू करपावती, वीजबिल. चारही कागदांवर पत्ता एकसारखा आहे का? एकावर ‘दुकान क्र. ३’ आणि दुसऱ्यावर ‘गाळा क्र. सी-३’ असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.

## टप्पा ३: परवाना कुणाच्या नावावर

हा टप्पा छोटा, पण भाडेकराराच्या आधी. मालकी एकट्याची, भागीदारी की कंपनी, हे ठरल्याशिवाय करारावर सही करू नका.

कारण परवाना संस्थेला मिळतो. करार वडिलांच्या नावावर आणि अर्ज मुलगा व सुनेच्या भागीदारीचा, असं झालं की त्रुटी निघणारच. पुढे भागीदार बदलला, कुणी निघाला किंवा नवा आला, तर परवान्याच्या अटींप्रमाणे जुना परवाना बदलाच्या तारखेपासून जास्तीत जास्त तीन महिने वैध मानला जातो. तेवढ्या काळात नव्या रचनेच्या नावाने नवा परवाना घ्यावा लागतो. ही अट परवान्यावरच छापलेली असते आणि ती फारच थोडे लोक वाचतात. भावाभावांत वाटण्या झाल्या, कागद घरात राहिले, एफडीएला कळवलंच नाही आणि दुकान दोन वर्षं परवान्याशिवाय चालल्यासारखं झालं, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत. म्हणून आधीच असं नाव ठरवा जे पाच वर्षं बदलणार नाही.

## टप्पा ४: कागद

आता भाडेकरार करा, आणि तो नोंदणीकृतच करा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं तसंही बंधनकारक आहे. मुदत शक्य तितकी लांब घ्या. अकरा महिन्यांचा करार केलात तर दरवर्षी घरमालकाच्या मर्जीवर तुमचा परवाना लटकणार.

करारात ‘औषध विक्रीच्या दुकानासाठी’ असे शब्द येऊ द्या आणि क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये लिहा.

मग फाइल लावा. साधारणपणे तीन गठ्ठे होतात.

जागेचा गठ्ठा: नोंदणीकृत करार किंवा मालकीचा कागद, करपावती, वीजबिल, मालकाचं ना-हरकत पत्र, जागेचा आराखडा. आराखड्यात लांबी-रुंदी, चारही बाजूंना काय आहे, दार कुठे, फ्रिज कुठे, काउंटर कुठे, हे दाखवा. सोबत आजूबाजूच्या रस्त्यांचा लहान नकाशा. माप आराखड्यात, करारात आणि अर्जात एकच असलं पाहिजे.

मालकाचा गठ्ठा: ओळखपत्र, पत्ता, फोटो, भागीदारी असेल तर भागीदारी करार, कंपनी असेल तर स्थापनेची कागदपत्रं आणि ठराव, पूर्वी औषध कायद्याखाली शिक्षा झालेली नाही अशी घोषणा.

फार्मासिस्टचा गठ्ठा: कौन्सिलचं प्रमाणपत्र आणि नूतनीकरण, पदवी-पदविकेच्या गुणपत्रिका, नेमणूकपत्र, स्वीकृतीपत्र, आधीच्या दुकानातून मुक्तता, पूर्णवेळ काम करत असल्याचं प्रतिज्ञापत्र.

याशिवाय फ्रिजचं बिल. फ्रिज घरचा जुना आणला असेल तर बिल नसतं आणि त्यावरून अडतं. दुकानाच्या नावाने नवा घ्या, छोटा चालेल.

स्कॅन करताना मूळ प्रतीवरून करा. झेरॉक्सची झेरॉक्स काढून मोबाइलने तिरका फोटो मारलेली प्रमाणपत्रं मी पाहिली आहेत, त्यांवरचा नोंदणी क्रमांकही वाचता येत नव्हता.

## टप्पा ५: दुकान तयार करा, पण माल आणू नका

अर्ज भरण्याआधी दुकान तपासणीला तयार असावं. कपाटं, काउंटर, वीज, फ्रिज, थर्मामीटर, पाटी. फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान राहायला हवं. तपासणीच्या निदान दोन दिवस आधीपासून तो चालू ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ तापमान लिहा. इन्सुलिन कधीच फ्रीझरच्या थाळीला चिकटून ठेवायचं नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं आणि बाहेरून ते पटकन ओळखूही येत नाही. आत्ताच मधल्या कप्प्यावर चिकटपट्टी लावून ‘इन्सुलिन व लसी’ असं लिहा. दाराच्या कप्प्यात काही ठेवायचं नाही, दार उघडलं की तिथेच ऊब पहिली शिरते. भारनियमन असलेल्या भागात इन्व्हर्टर घ्याच.

पाटीबद्दल: औषधं तयार करून, मिसळून देण्याची सोय नसेल तर ‘फार्मसी’ हा शब्द नियमांत बसत नाही. ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ लिहा. आणि महाराष्ट्रातल्या सगळ्याच दुकानांप्रमाणे नाव मराठीत, देवनागरीत हवं, इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको.

एक्स्पायर झालेल्या मालासाठी वेगळा खोका किंवा कप्पा ठेवा आणि त्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असं लिहा. दुकानात अजून एकही गोळी नसली तरी आत्ताच ठेवा. निरीक्षक पाहतातच, शिवाय पहिल्या दिवसापासून सवय लागते.

थांबा. परवाना हातात येईपर्यंत एकही पट्टी दुकानात नको. उद्घाटनाचा मुहूर्त काढलाय म्हणून दोन लाखांचा माल आणून कपाटात लावणारे लोक आहेत. परवान्याशिवाय औषधाचा नुसता साठा करणं हाही कलम १८ (सी) खाली गुन्हा आहे. त्याची शिक्षा किमान तीन वर्षं कैद आणि किमान एक लाख रुपये किंवा मालाच्या किमतीच्या तिप्पट, यात जो जास्त तो दंड. विकलं नव्हतं, फक्त ठेवलं होतं, हा बचाव होत नाही. मुहूर्त पुढे ढकला.

## टप्पा ६: अर्ज

अर्ज ऑनलाइन भरायचा. फी शासनाच्या भरणा प्रणालीतून भरून चलन जोडायचं. चलनावरचं नाव आणि अर्जदाराचं नाव जुळलं पाहिजे. एजंट बऱ्याचदा स्वतःच्या नावाने चलन काढतात.

एजंट नेमायला हरकत नाही, पण लॉगिन, मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच असू द्या. त्रुटीचा निरोप एजंटच्या मोबाइलवर गेला, तो गावाला गेलेला, उत्तराची मुदत टळली आणि अर्ज निकाली निघाला. फी परत मिळत नाही. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की ती वेगळी सांगावीशी वाटली.

पाठवण्याआधी सगळा अर्ज छापून घ्या आणि फार्मासिस्टला समोर बसवून मोठ्याने वाचा. नाव, पत्ता, माप, नोंदणी क्रमांक, तारखा. दुसऱ्या माणसाच्या कानाला चूक लवकर सापडते.

त्रुटी आली तर घाबरू नका आणि अर्धं उत्तर देऊ नका. पाच मुद्दे विचारले असतील तर पाचही मुद्द्यांचं क्रमवार उत्तर एकदमच द्या.

## टप्पा ७: तपासणीचा दिवस

निरीक्षक येतात तेव्हा मालक आणि फार्मासिस्ट दोघेही दुकानात हवेत. फार्मासिस्टने पांढरा एप्रन घातलेला असावा, त्यावर नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला. सगळे मूळ कागद अर्जाच्या क्रमाने लावलेले असावेत.

जागा मोजली जाईल, फ्रिज उघडून पाहिला जाईल, आणि फार्मासिस्टला प्रश्न विचारले जातील. शेड्यूल एच (चिठ्ठीवरच विकायची औषधं) आणि एच वन (चिठ्ठी हवीच, शिवाय वेगळं रजिस्टर) यांत फरक काय, एच वनचं रजिस्टर किती वर्षं ठेवायचं, चिठ्ठीवर काय काय असायला हवं. मालकाने मध्ये उत्तरं देऊ नयेत. फार्मासिस्ट खरोखर तिथे काम करणार आहे का, हे याच पाच मिनिटांत कळतं.

एखादी गोष्ट राहिली असेल तर सरळ सांगा आणि कधीपर्यंत करू ते लिहून द्या.

## टप्पा ८: परवाना मिळाल्यावरचा पहिला आठवडा

परवाना गिऱ्हाइकाला दिसेल अशा जागी लावा. मागचं पानही वाचा, अटी तिथे असतात. फॉर्म ३५ मधली तपासणी वही आणून ठेवा, निरीक्षक येतील तेव्हा शेरा त्यात लिहितात.

यासोबत दुकान नोंदणी, म्हणजे लोक अजूनही ज्याला गुमास्ता म्हणतात ती, आणि जीएसटी. बेबी फूड, प्रोटीन पावडर वगैरे ठेवणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणीही लागते, औषध परवान्यात ती येत नाही.

माल फक्त परवानाधारक विक्रेत्याकडून आणि बिलावरच घ्या. बिलावर बॅच नंबर व एक्स्पायरी छापलेली आहे का ते उतरवून घेताना पाहा, नंतर नाही. डॉक्टरांना मिळालेली नमुन्याची औषधं आणि सरकारी पुरवठ्याचा माल दुकानात ठेवायलाच बंदी आहे. कुणी ‘अर्ध्या भावात’ देत असेल तर दारातूनच परत पाठवा.

आता नोंदी. नव्या दुकानदाराचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

चिठ्ठीवरच्या औषधाचं बिल क्रमांकासह झालं पाहिजे, प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे, आणि त्यावर डॉक्टर, रुग्ण, औषध, बॅच, एक्स्पायरी आणि फार्मासिस्टची सही हवी. ‘डॉक्टर: स्वतः’ किंवा ‘रुग्ण: कॅश’ असं सॉफ्टवेअरमध्ये आपोआप पडत असेल तर ती सेटिंग आजच बदला. तपासणीत पहिल्यांदा तेच डोळ्यांत भरतं.

शेड्यूल एच वनसाठी वेगळं रजिस्टर. ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू आहे. सेफिक्सिमसारखी प्रतिजैविकं, क्षयरोगाची औषधं, ट्रामाडॉल, अल्प्राझोलम, झोलपिडेम अशी नावं तिच्यात आहेत. पाकिटावर लाल चौकट आणि लाल आरएक्स दिसलं की समजा एच वन. रजिस्टरात डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं, एवढं लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. रात्री दुकान बंद करताना भरू असं म्हणणाऱ्याचं रजिस्टर चार दिवस मागे राहतंच. गोळी काउंटरवरून जातानाच लिहा.

चिठ्ठीवर तुमच्या दुकानाचा शिक्का आणि तारीख मारा. पुन्हा द्या असं डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं असतं. शिक्का नसेल तर तीच झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन एखादा मुलगा एका संध्याकाळी पाच दुकानं फिरतो. अनेक जिल्ह्यांत अशा दुकानांना सीसीटीव्ही लावण्याचे आदेश निघाले तेही याच काळजीतून. तुमच्या जिल्ह्याचा आदेश पाहून घ्या.

आणि एक: चिठ्ठीत लिहिलेल्या ब्रँडऐवजी दुसरा ब्रँड द्यायला शेड्यूल एच आणि एक्सच्या बाबतीत मनाई आहे, आतलं औषध तेच असलं तरी. नसेल तर ‘नाही’ म्हणा किंवा डॉक्टरांना फोन करून बदल लिहून घ्यायला सांगा.

तपासा. पहिल्या शनिवारी एच वनच्या कुठल्याही तीन औषधांची खरेदी, विक्री आणि शिल्लक हाताने जुळवा. तीनही जुळली तर तुमची पद्धत बसली. एक जरी चुकलं तर सोमवारआधी शोधा.

## शेड्यूल एक्स, मॉर्फिन आणि ‘विजया’

एक्सचा परवाना घेतलाच असेल तर औषध फक्त त्याच कामासाठी राखलेल्या कुलूपबंद कपाटात किंवा खणात हवं. चिठ्ठी दोन प्रतींत घ्यायची आणि एक प्रत दोन वर्षं ठेवायची.

मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही सहा ‘अत्यावश्यक अंमली औषधं’ म्हणून २०१५ पासून अंमली पदार्थ कायद्याच्या वेगळ्या चौकटीत आहेत. कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन मुख्यतः मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमधून मिळतं. एखाद्या घरचं माणूस चिठ्ठी घेऊन तुमच्याकडे आलं तर नुसतं ‘नाही’ म्हणून पाठवू नका. जवळच्या कोणत्या रुग्णालयाला मान्यता आहे हे आधीच माहीत करून ठेवा आणि सांगा. वेदनेत असलेल्या माणसाच्या नातेवाइकांना दहा दुकानं फिरायला लागू नयेत.

हल्ली गांजापासून केलेल्या औषधांबद्दल विचारणा वाढली आहे. अमेरिकेतल्या बातम्या वाचून काही जण मला ‘मेडिकल गांजाच्या दुकानाचं लायसन’ विचारतात. आपल्याकडे असा परवाना नाही. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात चरस आणि गांजा, म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, येतात. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर आहेत. पण भांगेवर महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होतो. त्यामुळे कच्चा माल म्हणून यातलं काहीही दुकानात आणू नका.

बाजारात दिसतात ती ‘विजया’ नावाने येणारी आयुर्वेदिक तेलं आणि गोळ्या. आयुर्वेदिक औषध विकायला औषध नियमांखाली विक्री परवाना लागत नाही, आणि इथेच गैरसमज होतो की मग काहीही चालतं. विजया म्हणजे भांगच, आणि ती शेड्यूल ई (१) मधल्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. लेबलवर आयुर्वेदिक उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच, घटक आणि ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची इंग्रजी-हिंदी सूचना हवी. यातलं एक जरी नसेल तर ती बाटली घेऊ नका. सगळं असेल तरीही वैद्याची चिठ्ठी पाहूनच द्या आणि खरेदीचं बिल हाताशी ठेवा.

## टप्पा ९: पुढची पाच वर्षं

परवान्याचं जुन्या पद्धतीचं नूतनीकरण २०१७ च्या दुरुस्तीनंतर राहिलेलं नाही. परवाना चालू राहतो, पण दर पाच वर्षांनी तो टिकवून ठेवण्याची फी मुदतीआधी भरावी लागते. उशीर झाला तर परवाना फीच्या २ टक्के दरमहा जादा, तेही सहा महिन्यांपर्यंतच. त्यानंतर परवाना रद्द झाला असं मानलं जातं. ‘आता लायसन कायमचं झालंय’ या समजुतीने ही तारीख विसरली जाते. परवान्याच्या चौकटीवरच मोठ्या अक्षरांत ती तारीख लिहून ठेवा.

फार्मासिस्ट सोडून गेला तर त्याच दिवशी ऑनलाइन कळवा आणि नवा नेमेपर्यंत चिठ्ठीवरची विक्री बंद ठेवा. तो आठ दिवस रजेवर असेल तरी हेच. दुकान दुसऱ्या गाळ्यात हलवायचं असेल तर नव्या पत्त्याचा परवाना आधी, माल नंतर. समोरच्याच गाळ्यात जात असाल तरीसुद्धा.

कारणे दाखवा नोटीस आली तर दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या, प्रत्येक मुद्द्याला कागद जोडा आणि सुनावणीला फार्मासिस्टला घेऊन जा. परवाना निलंबित किंवा रद्द केल्याचा आदेश झाला तर राज्य शासनाकडे अपील करायला तीन महिने असतात. आदेश हातात पडल्याची तारीख लिफाफ्यावर लिहा आणि लिफाफा फेकू नका.